गुडघ्याच्या पेशंटची रिस्क घ्यायची तयारी मोजायची कशी? (पुणे, एमपीएचचं डेझर्टेशन)

मृण्मयी_एमपीएच

नमस्कार मंडळी.

मी पुण्यात एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी) करतेय, दुसरं वर्ष. डेझर्टेशनचा विषय असा ठरलाय की साठीच्या पुढचे जे पेशंट गुडघेदुखीसाठी ऑर्थोच्या ओपीडीत येतात आणि ज्यांना डॉक्टरांनी गुडघा बदलायचं ऑपरेशन सुचवलंय, ते किती रिस्क घ्यायला तयार आहेत हे मोजायचं आणि मग सहा महिन्यांनी फोन करून कोणी ऑपरेशन केलं, कोणी नाही ते बघायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण मुळात प्रश्न काय विचारायचा इथेच घोडं अडलंय.

गाईडनी दोन गोष्टी सुचवल्यात. एक म्हणजे शून्य ते दहाची पट्टी, "तुम्ही जोखीम घ्यायला कितपत तयार असता", शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे एकदम तयार. दुसरी म्हणजे पैशांच्या लॉटरीचा तक्ता, त्यात दहा ओळी असतात, प्रत्येक ओळीत एक कमी चढउताराचा पर्याय आणि एक जास्त चढउताराचा, आणि माणूस कितव्या ओळीला पहिल्यावरून दुसऱ्यावर जातो त्यावरून त्याचा कल काढायचा. होल्ट आणि लॉरी यांनी २००२ मध्ये छापलेली पद्धत आहे, इकॉनॉमिक्सवाले सगळीकडे वापरतात.

पायलटसाठी, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीसाठी, मी दोन्ही घेऊन ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर बसले. सासवडकडच्या एक आजी होत्या, सत्तरीच्या, दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला वाकलेले, शेजारी मुलगा फाईल घेऊन उभा. पट्टी दाखवली तर म्हणाल्या "कशातली जोखीम?" मी म्हटलं एकूणच, तर त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. लॉटरीच्या तक्त्याला तर "आमच्यात लॉटरी कुणी घेत नाही" असं म्हणून प्रत्येक ओळीत सुरक्षित पर्यायावर बोट ठेवलं, म्हणजे माझ्या शीटवर त्या अख्ख्या पायलटमधल्या सगळ्यात घाबरट पेशंट. आणि शीट बाजूला ठेवल्यावर स्वतःहून काय म्हणाल्या माहितीये? "माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट अजून एकदा चढायला मिळाला ना, तर कापू दे काय कापायचं ते, मग मेले तरी चालंल." त्यावर मुलगा लगेच म्हणाला की आई काहीतरीच बोलतेय, डॉक्टर म्हणतील तसं करू.

आता यातलं मी काय लिहायचं? पट्टीवरचं उत्तरच नाही, लॉटरीत शून्य तयारी, तोंडाने बोलल्या त्यात पूर्ण तयारी, आणि मुलाच्या म्हणण्यानुसार निर्णय डॉक्टरांचा. हे एकाच बाईचं आहे आणि असे बरेच निघणार आहेत. ज्यांनी असलं काम केलंय किंवा जे स्वतः यातून गेलेत त्यांनी प्लीज सांगा. विचारायचं काय, कोणासमोर, आणि कुठल्या शब्दांत?

आकडेवाला_कोथरूड

मृण्मयी, आजींनी विचारलं ना "कशातली", तिथेच तुझ्या डेझर्टेशनचा पाया आहे. माणसाच्या अंगात रिस्कचा एकच काटा असतो आणि तो सगळीकडे सारखाच दाखवतो हे गृहीतच टिकत नाही. वेबर, ब्लेस आणि बेट्झ यांनी २००२ मध्ये जी डॉस्पर्ट नावाची प्रश्नावली काढली ती याच मुद्द्यावर उभी आहे, पैसा, तब्येत, करमणूक, नीतीचे प्रश्न, चारचौघांतलं वागणं हे सगळं वेगवेगळं विचारायचं कारण पैशात बिनधास्त असलेला माणूस तब्येतीत भित्रा असू शकतो आणि उलटही. जर्मनीत दरवर्षी एक मोठा कौटुंबिक सर्व्हे होतो, त्यात तुझी ती शून्य ते दहाची पट्टी आहे, पण २००४ च्या फेरीत त्यांनीही ती गाडी चालवणं, पैसा, खेळ, करिअर आणि तब्येत अशी वेगळी वेगळी विचारली. तेव्हा पट्टी ठेवायचीच तर निदान "तब्येतीच्या बाबतीत" एवढं तरी त्यात घाल. नेदरलँड्समध्ये लायडनच्या संशोधकांनी खास आरोग्यासाठी तेरा वाक्यांची एक स्केल केलीय, तीही बघ. पण माझं प्रामाणिक मत विचारशील तर तुझ्या कामाला स्वभाव मोजून काही मिळणार नाही. लॉटरी तर काढूनच टाक.

तुला हवंय ते असं की या बाईला या गुडघ्याच्या बदल्यात काय मिळवायचंय आणि त्यासाठी ती किती धोका पत्करेल. त्यासाठी जुनी पद्धत म्हणजे स्टँडर्ड गॅम्बल, तिची मुळं फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ च्या थिअरीत आहेत. पेशंटला विचारायचं की आहे हा गुडघा आयुष्यभर असाच राहील ते एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला असा उपचार की लागू पडला तर ठणठणीत, नाही पडला तर लगेच मृत्यू. मग शक्यता खालीवर करत जायची. शंभरातले नव्याण्णव बरे होत असतील तर घ्याल? नव्वद? ऐंशी? जिथे पेशंट म्हणेल की आता दोन्ही मला सारखंच, तिथे थांबायचं. समजा पंच्याण्णवला थांबला, तर तो हा गुडघा जाण्यासाठी शंभरात पाच एवढी मरणाची शक्यता घ्यायला तयार आहे.

दुसरी टाइम ट्रेड-ऑफ, १९७२ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीत टोरन्स आणि मंडळींनी काढलेली. त्यात जुगार नाहीच. या गुडघ्यासकट दहा वर्षं की धडधाकट आठ वर्षं, असं विचारत जायचं. आपल्याकडे ती चालते का असं कोणी व्हायव्हात विचारलं तर सांग की चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या टीमने ईक्यू-५डी-५एल या तब्येत मोजायच्या प्रश्नावलीचा भारतीय व्हॅल्यू सेट (तब्येतीच्या कुठल्या स्थितीला किती मोल ते सांगणारे आकडे) याच पद्धतीच्या एका प्रकारावर बेतलाय, आपल्याच राज्याराज्यांतल्या लोकांच्या मुलाखती घेऊन, आणि तो २०२२ मध्ये छापून आलाय. बहुतेक वेळा एकाच माणसाचा स्टँडर्ड गॅम्बलचा आकडा (वरच्या उदाहरणात शंभरात ९५) टाइम ट्रेड-ऑफच्या आकड्यापेक्षा (दहातली आठ वर्षं, म्हणजे शंभरात ८०) वर येतो, कारण लगेच मरायची शक्यता म्हटलं की लोक हात आखडता घेतात. या फरकात रिस्कची नावड दिसते खरी, पण नुसती तीच दिसते असं समजू नकोस, भविष्यातली वर्षं माणूस आजच्यापेक्षा कमी मोलाची धरतो तेही त्यात मिसळलेलं असतं.

मी तुझ्या जागी असतो तर थ्रेशोल्ड पद्धत घेतली असती, म्हणजे मृत्यूऐवजी खरोखर होऊ शकणारा एकच धोका निवडायचा, तो वाढवत न्यायचा आणि कुठे "नको" म्हणतात ते नोंदवायचं. बीएमजेमध्ये (ब्रिटिश मेडिकल जर्नल) २००१ ला देवेरो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आलाय तो काढून वाच. ज्यांना एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यातून स्ट्रोक होऊ शकतो) व्हायची शक्यता जास्त आहे असे ६१ पेशंट, आणि हा आजार बघणारे ६३ डॉक्टर. स्ट्रोक टळावा म्हणून वॉर्फरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेतलं तर शंभर जणांत जास्तीचे किती मोठे रक्तस्राव चालतील असं दोघांनाही विचारलं. पेशंटची सरासरी १७ च्या आसपास, डॉक्टरांची १०. म्हणजे डॉक्टर ज्याला जपून वागणं म्हणतात ते पेशंटला कित्येकदा नकोच असतं, त्याला स्ट्रोकने पांगळं व्हायची धास्ती जास्त असते.

भूलतज्ज्ञ_सहकारनगर

वरच्या सगळ्याशी सहमत. फक्त प्रश्न कसा मांडला जातो त्याबद्दल लिहितो, कारण माझा रोजचा संबंध तिथेच येतो. ऑपरेशनच्या आधी भुलेच्या तपासणीला पेशंट माझ्याकडे येतात आणि ठरलेला प्रश्न असतो, "डॉक्टर, रिस्क आहे का?" यावर मी "शंभरातले नव्याण्णव व्यवस्थित बाहेर येतात" म्हटलं की चेहरा सैल पडतो, आणि "शंभरातल्या एखाद्याला त्रास होऊ शकतो" म्हटलं की नातेवाईक खुर्ची पुढे ओढतात. आकडा तोच.

हे नीट मोजलेलं आहे. मॅकनील, पॉकर, सॉक्स आणि ट्वर्स्की, १९८२, न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन. फुप्फुसाच्या कॅन्सरला ऑपरेशन की रेडिएशन असा पर्याय दिला. एका गटाला जगणाऱ्यांचे आकडे दिले, ऑपरेशनमधून १०० पैकी ९० वाचतात, वर्षाने ६८ असतात, पाच वर्षांनी ३४, आणि रेडिएशनचे १००, ७७ आणि २२. दुसऱ्या गटाला हेच आकडे मरणाऱ्यांचे म्हणून दिले, ऑपरेशनच्या वेळी १० जातात, वर्षाअखेर ३२, पाच वर्षांत ६६, रेडिएशनला ०, २३ आणि ७८. पहिल्या गटात १८ टक्क्यांनी रेडिएशन मागितलं, दुसऱ्यात ४४ टक्क्यांनी. आणि यात पेशंट होते, विद्यार्थी होते आणि चारशेच्या वर रेडिऑलॉजिस्टसुद्धा होते, त्यांच्यावरही हाच परिणाम झाला. शिकलेल्यांना फसवता येत नाही असं कोणी म्हणालं तर त्याला हे दाखवायचं.

म्हणून तुझ्या प्रश्नावलीत दोन्ही बाजू एकाच वाक्यात यायला हव्यात, "शंभरातल्या ९८ जणांना काही होत नाही, २ जणांना होतं", आणि सगळ्यांना हुबेहूब तेच वाक्य, वाचून दाखवायचं, मनाने बोलायचं नाही. मुलाखत घेणारी तू एकटीच असशील तरी. दिवसभरात पंधरावी मुलाखत असते तेव्हा आपण दमलेलो असतो आणि वाक्य आपोआप बदलत जातं.

दुसरं म्हणजे धोका कुठला निवडतेस ते. गुडघा बदलण्यात मरणाची शक्यता शंभरात एकपेक्षाही कमी आहे, तिथे मृत्यूवर प्रश्न बेतलास तर जवळजवळ सगळे "हो" म्हणतील किंवा देवावर सोडतील, तुझ्या हाताला काहीच लागणार नाही. खरा धोका वेगळाच आहे आणि तो आम्ही डॉक्टर मोठ्याने सांगत नाही. ऑपरेशन तांत्रिकदृष्ट्या उत्तम होऊनही साधारण पाचातला एक पेशंट पुढे म्हणतो की मनासारखं नाही झालं, दुखणं राहिलंच किंवा अपेक्षा होती तेवढं चालता येत नाही. इम्प्लांट टिकतो चांगला, २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये मोठ्या रजिस्ट्र्यांचे (सांधे बदललेल्यांच्या नोंदींचे) आकडे एकत्र करून आलंय की २५ वर्षांनी शंभरातले ८२ गुडघे शाबूत असतात. पण समाधान आणि इम्प्लांट टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "पाचातल्या एकाला पुढेही दुखत राहतं हे माहीत असून कराल का" या प्रश्नाला लोक थांबून विचार करतात, आणि विचार करतात तिथेच मोजण्यासारखं काही असतं.

सुलभाताई_निवृत्त_सिस्टर

मृण्मयी, मी आयुष्य वॉर्डात काढलंय म्हणून सांगते, आधी त्या मुलाला चहा प्यायला पाठव. खरंच सांगतेय. म्हातारी माणसं मुलांसमोर स्वतःसाठी बोलत नाहीत, मुलाच्या खिशासाठी बोलतात, सुनेच्या सोयीसाठी बोलतात. राउंडला सर्जनसमोर, दोन्ही मुलांसमोर "करून टाका साहेब" म्हणणारे आजोबा मी पाहिलेत आणि तेच आजोबा रात्री लाईट मालवल्यावर हळूच विचारायचे, "सिस्टर, नाही केलं तर किती वर्षं असंच निघेल?" सकाळचं उत्तरही खोटं नव्हतं हो, पण ते कुटुंबाचं उत्तर होतं. तुला कुटुंबाचं मोजायचंय की त्यांचं ते आधी ठरव. माझं म्हणणं दोन्ही घे, आधी एकट्याने विचार, मग घरच्यांसमोर तेच परत विचार आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिही. मला तर वाटतं तुझ्या सगळ्या डेझर्टेशनमधला सगळ्यात कामाचा तक्ता तोच निघेल.

आणि हे नुसतं माझं म्हणणं नाही, कायदाही पेशंटचंच धरतो. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा हा सुप्रीम कोर्टाचा जानेवारी २००८ चा निकाल आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगायचे. बाईंनी नुसत्या दुर्बिणीच्या तपासणीला संमती दिली होती, त्या भुलेखाली असताना आईची सही घेऊन गर्भाशय काढलं. कोर्टाने सांगितलं, सज्ञान बाई आहे, भुलेतून बाहेर आली की तिलाच विचारायचं, जीव वाचवायची घाई नव्हती, तेव्हा आईची संमती चालणार नाही.

पैशाचं मात्र वेगळं विचार गं. आपल्याकडे "रिस्क" म्हटलं की निम्म्यांच्या डोक्यात आधी पैसाच येतो, एवढे घालून नाही झालं बरं तर? २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमती बांधल्या, जो जास्त वापरतात तो कोबाल्ट क्रोमियमचा ५४,७२० रुपये अधिक जीएसटी, आधी तो दीड लाखाच्या पुढे जायचा. पण खोली, डॉक्टरांची फी, फिजिओ, घरी बाई ठेवायची, हे वर असतंच. तेव्हा प्रश्न वाचतानाच सांग, "समजा खर्चाची सोय झालेली आहे", आणि मग खर्चाचं स्वतंत्र विचार. नाहीतर पेशंट पैशाला नाही म्हणेल आणि तू लिहिशील जिवाला घाबरला.

अजून एक राहिलं. ऑपरेशननंतर खाली मांडी घालून बसू नका, उकिडवं बसू नका असं सांगतात. पूजेला, जेवायला, गावाकडच्या संडासात खाली बसायची सवय असलेल्या बाईला हे फार मोठं आहे. हा धोका नाहीच, हे तर ठरलेलं नुकसान आहे. तेही आधी सांगून टाक, मग धोक्याचं विचार.

प्रभात_रोडच्या_काकू

मी पेशंट, दोन्ही गुडघे बदललेत. सुलभाताईंनी लिहिलंय ते अगदी खरं. मला कोणी नीट विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मरणाची भीती मला फारशी नव्हती, अंथरुणाला खिळून सुनेकडून सगळं करून घ्यायला लागेल याची होती. म्हणजे डॉक्टर ज्याची रिस्क सांगत होते, इन्फेक्शन, गुठळी वगैरे, ते मी कानाआड करत होते, आणि जे मला हवं होतं ते कोणाच्या कागदावर नव्हतंच. तुमच्या प्रश्नावलीत पहिला प्रश्न "तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते" हा ठेवा आणि तिथे पर्याय देऊ नका, रिकामी जागा ठेवा.

आणि दुखण्याच्या दिवशी विचारलंत तर वेगळं उत्तर मिळेल. पावसाळ्यात माझे गुडघे जास्त आखडायचे, तेव्हा मी काहीही करायला तयार असायचे. उन्हाळ्यात वाटायचं चाललंय की बरं.

मृण्मयी_एमपीएच

सगळ्यांना मनापासून थँक्यू, इतकं मिळेल असं वाटलंच नव्हतं. लॉटरी काढून टाकते, गाईडना मॅकनील आणि देवेरो दोन्ही पेपर दाखवते. काकू, रिकामी जागा नक्की ठेवते, आणि त्या दिवशीचं दुखणं शून्य ते दहावर नोंदवते म्हणजे नंतर त्याचा परिणाम वेगळा काढता येईल.

दोन शंका उरल्यात. एक, "शंभरात दोन" आणि "शंभरात पाच" यातला फरक न शिकलेल्या आजींना कसा दाखवायचा? दुसरी, एक्झामिनर विचारतील की हे मोजून उपयोग काय, शेवटी निर्णय सर्जनच घेतो.

वाडीवस्ती_सर्व्हे

पहिल्या शंकेचं मी सांगते, शिरूर आणि खेडकडे घरोघर आरोग्याचे सर्व्हे करते. चिंचोके. शंभर चिंचोके स्टीलच्या ताटात पसरायचे, त्यातले दोन नेलपॉलिशने लाल केलेले. दुसऱ्या ताटात शंभरातले पाच लाल. ताट हलवायचं आणि बाईला डोळे मिटून एक उचलायला सांगायचं, दोनतीनदा. हाताला काय लागतंय ते कळलं की टक्के समजवावे लागत नाहीत. छापील चित्रातही करतात, शंभर ठिपके किंवा शंभर माणसांच्या आकृत्या, पण वयस्कर माणसांना बारीक ठिपके दिसत नाहीत आणि कागद हातात दिला की "मला वाचता येत नाही" म्हणून परत करतात, त्यात काय आहे ते बघतही नाहीत. ताट कोणी परत करत नाही.

फक्त खालचा आकडा बदलायचा नाही. एकदा "शंभरात दोन" आणि पुढच्या वेळी "हजारात पाच" असं केलं की लोक पाच मोठा म्हणून त्याला जास्त घाबरतात, तो चौपट लहान असला तरी. सगळं शंभरावरच ठेवा. आणि "क्वचित", "कधीकधी", "सहसा नाही" असले शब्द अजिबात नकोत, प्रत्येकाचं क्वचित वेगळं असतं.

सुरुवातीला एक तपासणी घ्या, दोन ताटं समोर ठेवून "यातलं धोक्याचं कुठलं" विचारायचं. ज्यांना हे जमत नाही त्यांची उत्तरं बाजूला ठेवा, त्यांना वगळलंय असं लिहा, किती जणांना जमलं नाही तेही लिहा.

आकडेवाला_कोथरूड

चिंचोके झकास, मी माझ्या पुढच्या कामात वापरणार.

उपयोग काय, याचं उत्तर. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराचं नॅटालिझुमॅब नावाचं औषध अमेरिकेत २००४ च्या शेवटी आलं आणि पीएमएल नावाचं मेंदूचं जीवघेणं इन्फेक्शन काही जणांना झालं म्हणून २००५ च्या फेब्रुवारीत कंपनीने मागे घेतलं. तेव्हाचा अंदाज हजारात एकाचा होता. पुढच्या वर्षी एफडीएच्या (अमेरिकेत औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) सल्लागार समितीसमोर पेशंट येऊन बोलले की आम्हाला हा धोका मान्य आहे, चालणं-फिरणं टिकण्यासाठी आम्ही तो घेऊ, आणि २००६ मध्ये औषध कडक देखरेखीखाली परत आलं. त्यानंतर पेशंटना नेमका किती धोका चालतो हे रीतसर मोजायला लोक लागले. लठ्ठपणावरच्या उपकरणांसाठी एफडीएने पेशंटची पसंती मोजणारा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये छापून आला, त्यात धोका, वजन किती उतरेल, किती काळ टिकेल असे पर्याय जोडीजोडीने देऊन निवडायला लावलं, आणि त्याच वर्षी एका उपकरणाला मान्यता देताना तो विचारात घेतला.

आणि तुझ्याच विषयातलं, गुडघे आणि खुब्याचं. कॅनडात ओंटारिओमध्ये हॉकर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की ज्यांचा संधिवात इतका तीव्र की ऑपरेशनची गरज असू शकते, त्यांच्यातही "नक्की तयार" असलेले १५ टक्क्यांच्याही आत होते. नंतर याच लोकांचा काही वर्षं पाठपुरावा केला तेव्हा कोणाचं ऑपरेशन झालं हे आधीच सांगणाऱ्या गोष्टींत ही तयारी ठळक निघाली. एक्झामिनरना हे सांग. दुखणं सारखंच असलेल्या दोघींपैकी एक ऑपरेशनला जाते आणि दुसरी जात नाही, त्यातला बराचसा फरक इथे आहे, आणि तो कोणी विचारल्याशिवाय केसपेपरवर येत नाही. सर्जन निर्णय घेतो म्हणतात, पण सर्जनने सांगून घरी गेलेले आणि परत न आलेले पेशंट कुठल्या रजिस्टरमध्ये असतात? तू सहा महिन्यांनी फोन करणार आहेस ना, ते लोक तुझ्याच वहीत सापडतील. त्यांना का नाही आलात हे विचारायला विसरू नकोस, माझ्या मते तुझ्या कामातला तोच भाग सगळ्यात मोलाचा आहे.

मृण्मयी_एमपीएच

कच्चा प्रश्न लिहिलाय, बघा बरं.

"आजी, खर्चाची सोय झालेली आहे असं समजा. ऑपरेशननंतर मांडी घालून बसता येणार नाही, हे नक्की आहे. चालताना दुखणं बऱ्यापैकी कमी होईल. या ताटात शंभर चिंचोके आहेत, म्हणजे तुमच्यासारखी शंभर माणसं. पांढऱ्या कापडावरच्या या ताटात ९८ जणांना पुढे काही त्रास झाला नाही, हे २ लाल आहेत त्यांना आत पू झाला आणि परत ऑपरेशन करावं लागलं. असं असेल तर तुम्ही ऑपरेशन कराल का?" मग लाल ५, १०, २०, ३०, जिथे नको म्हणतील तिथपर्यंत. "डॉक्टर सांगतील तसं" हे उत्तर आलं तर एकदाच परत विचारायचं, तरी तेच आलं तर तसंच लिहायचं, त्याला हो किंवा नाही धरायचं नाही.

पाचातल्या एकाला दुखणं राहतं, त्याचं दुसरं ताट वेगळं करतेय, वीस लालपासून सुरू.

आकडेवाला_कोथरूड

चांगलं आहे. दोन बदल कर.

पहिला, सगळ्यांना दोनपासून सुरू करू नकोस. जिथून सुरुवात होते त्याच्या आसपास लोक अडकतात, दोनवरून चढत गेलीस तर खालचा आकडा मिळेल आणि तीसवरून उतरत आलीस तर वरचा. निम्म्या पेशंटना चढतं दे, निम्म्यांना उतरतं, कोणाला काय ते आधी चिठ्ठ्या टाकून ठरव, आणि विश्लेषणात दोन्ही गट वेगळे दाखव. दुखणं राहण्याच्या ताटालाही हेच, वीसच्या खाली आणि वर दोन्हीकडे पायऱ्या ठेव.

दुसरा, कोणत्याही गटात असो, शेवटी एकदा एकही लाल नसलेलं ताट ठेवायचं. शंभरच्या शंभर साधे चिंचोके, कोणालाच काही होत नाही, खर्चाची सोय आहे, आता कराल का? इथेही ज्या नको म्हणतील त्यांचं धोक्याशी देणंघेणं नाही. मांडी घालता येणार नाही म्हणून नको असेल, आता या वयात कशाला म्हणून असेल, घरी बघायला कोणी नाही म्हणून असेल. त्यांना शून्य तयारीच्या रकान्यात टाकलंस तर सगळी सरासरी खोटी येईल. त्यांचा रकाना वेगळा, आणि त्यांच्यासमोर ताट बाजूला सरकवून काकूंनी सांगितलेला रिकाम्या जागेचा प्रश्न परत विचार.